चिंचेनं घासलेले मासे

१ जानेवारी २०२६, गुरुवार

लखनौचं धुकं इतकं की गच्चीवरून समोरची पाण्याची टाकीसुद्धा दिसत नव्हती. आई म्हणाली, "आज नको जाऊस कुठे, छातीत थंडी भरेल." गेलोच! शिवांगी हज़रतगंजला येणार होती. धुकं गेलं खड्ड्यात.

मेट्रोच्या जिन्यानं वर आलो तर ही आधीच उभी. कानटोपी, लाल नाक, हातात मूंगफलीचा पुडा. "हैप्पी न्यू ईयर, लेट लतीफ धैर्यशील!" आणि अर्धा पुडा माझ्या जॅकेटच्या खिशात ओतला. टरफलं अजून खिशातच आहेत. काढणार नाही.

फिरता फिरता म्हणाली (माझं मराठी तिला कळतं, बोलते मात्र हिंदीच), "इस साल का टारगेट बता."

कशाचं?

"सिक्कों का, और किसका? तेरे पास और है क्या?"

लागलं! खरं असलं की जास्तच लागतं. कॉलेज सोडून वर्ष होत आलं. आलमबागला कुरिअरच्या काउंटरवर पाकिटं तोलतो आणि उरलेल्या वेळात नाणी बघतो. एवढंच आहे माझ्याकडे. आणि ती — म्हणजे ती आहे की नाही, तेच तर ठरायचंय.

तर टारगेट. एक — २६ जानेवारीचं प्रदर्शन. आमच्या नाणे-मंडळाच्या सक्सेना अंकलनी मला टेबल दिलंय. माझं स्वतःचं! त्यावर अवधचे तांब्याचे पैसे मांडायचे, नवाबी काळातले, दोन माशांचे. शिवाय त्यांच्यावरची फ़ारसी अक्षरं या वर्षी स्वतः वाचायची, दर वेळी दुसऱ्याचं तोंड बघायचं नाही. आणि चिडून खरेदी करायची नाही. (चौकातला तो दुकानदार नुसतं म्हणाला, "रहने दीजिए, आपके बस का नहीं," आणि मी अख्खा पगार त्याच्या काचेवर आपटला. नाणं निघालं नकली, साच्यात ओतलेलं. अजून ठेवलंय. बघितलं की कान गरम होतात.)

शिवांगी म्हणाली, "एक मैं बोलूँ? गुस्सा."

"त्याचा नाण्यांशी काय संबंध?"

"कॉलेज किस बात पे छोड़ा तूने?"

खिशातली शेंग फोडत राहिलो. हजेरीवरून सरांशी भांडलो, त्यांचं रजिस्टर भिरकावलं आणि निघून आलो. आलो तो आलोच.

मग तिनं सांगितलं, माझ्याकडे न बघता. तिचे पापा फौजेत सुभेदार, राहायला छावणीत, आवाजही तसाच. "पापा चिल्लाते हैं ना, तो मम्मी चुपचाप टेबल से कप उठाने लगती है. भरे हुए कप भी. मुझे वैसे कप नहीं उठाने, धीर."

दिवाळीत मी तिला सरळ विचारलं होतं. तिचं उत्तर "देखते हैं" वर अडकलंय. आज म्हटलं, अजून काय बघतेयस?

"यही."

लिहिलं. राग. खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं.

३ जानेवारी, शनिवार

काउंटरवर एक माणूस — पार्सल स्वतःच फाटकं आणलं आणि मलाच "अंधे हो क्या?" उत्तर जिभेवर आलं होतं. गिळलं! लगेच शिवांगीला मेसेज केला. तिचं उत्तर: "शाबाश. अब हर बार रिपोर्ट मत भेज."

६ जानेवारी, मंगळवार

आज बाबा माझ्या खोलीत आले. स्वतःहून! कॉलेज सोडल्यापासून आमचं बोलणं म्हणजे "जेवलास?" आणि "गीझर बंद कर". बँकेतून आले, स्वेटरही काढला नव्हता, पलंगावर टेकले आणि भिंग उचललं.

"मासे का रे यावर?"

म्हटलं, बाबा, हे अवधचं चिन्ह होतं. इथे जुन्या दरवाज्यांवर बघा ना, जिकडेतिकडे दोन मासे. त्यांनी बराच वेळ एक नाणं उलटंपालटं केलं. मग म्हणाले, "आणि हे इतकं काळं?"

"ती त्याची कातडी आहे. दोनशे वर्षांत हळूहळू आलेली. तीच बघतात लोक. घासली की नाणं गेलं — मग ते नुसतं तांबं."

"अस्सं," म्हणाले. जाताना दारात थांबले. "नीट समजावतोस तू. वर्गात समजावणारे आम्हाला असे नव्हते."

एवढंच. पण किती दिवसांनी!

आई भाजी आणायला गेली होती. असती तर तिनंही ऐकलं असतं.

९ जानेवारी, शुक्रवार

आईबरोबर अमीनाबाद. तिला संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी वाण घ्यायचं होतं, मला टेबलावर अंथरायला मखमल. गर्दीत आई पुढे, मी मागे. ती अशी घुसते की रिक्षावालेसुद्धा बाजूला होतात.

वाणाला चिकनकारीचे रुमाल ठरले. दुकानदाराशी आईचं हिंदी म्हणजे ऐकत राहावं. "भैया, हम हर साल आते, तुम हर साल चढ़ाके बोलते. ये शोभता क्या तुमको?" तो बिचारा हसून म्हणाला, "माताजी, आप तो हमको शर्मिंदा कर देती हैं," आणि भाव उतरवला. आई मला हळूच म्हणते, "शरमला बघ!"

मखमलीच्या दुकानात तिनं विचारलं, "तुझी नाणी कुठल्या रंगावर उठून दिसतील?" मी मोबाइलमध्ये. मरून म्हटलं. "मरूनवर? अरे, काळी ती काळीच. लोकांना दिसणार काय?" शिवांगीचा मेसेज आला होता, तिच्या मम्मीनं बोलावणं स्वीकारलंय, संक्रांतीला दोघी येणार! मी आईला म्हटलं, घे गं मरून, चल.

घेतली. येताना दोघांनी उभ्या उभ्या मक्खन-मलाई खाल्ली. आईच्या नाकाला फेस लागला होता. सांगितलं नाही. घरापर्यंत तशीच आली!

१२ जानेवारी, सोमवार

एका नाण्यावर "लखनऊ" वाचलं. स्वतः! लाम, काफ, हे, नून, वाव. नाचलो खोलीत.

१३ जानेवारी, मंगळवार

भोगी. बाजरीची भाकरी, लोणी, मिसळीची भाजी. शेजारच्या मिश्रा आंटींना आई दर वर्षी समजावते की तुमची उद्याची खिचड़ी आणि आमची संक्रांत एकच. त्या दर वर्षी नव्यानं चकित होतात.

नाणी अल्बममधून काढून ताटात ठेवली, मखमलीवर कशी मांडायची ते बघायला. मध्येच शिवांगीचा फोन. उद्या कुठली साडी नेसू म्हणून. मला विचारते! मला!! आई आतून काहीतरी विचारत होती, हो हो म्हटलं. पिवळी नेस म्हटलं शिवांगीला. ती म्हणाली, "पीली तो मम्मी की है, ब्लाउज़ ढीला होता है." म्हटलं, होऊ दे.

उद्याचा दिवस लवकर येऊ दे.

१४ जानेवारी, बुधवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो. क्रमानं लिहितो.

दुपारी बायका जमल्या. मिश्रा आंटी, बँकेतल्या दोघी, शिवांगीची मम्मी मालिनी काकू — आणि शिवांगी. पिवळी साडी. खांद्यावर पिना लावून लावून बसवलेली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होतो. ती तिळगुळाच्या वड्या फिरवत होती आणि माझ्यासमोर आल्यावर तिनं ताटली उगाच जरा जास्त वेळ धरली.

मग आई म्हणाली, "थांबा, एक गंमत दाखवते. आमच्या धैर्यशीलची नाणी! प्रदर्शनात लागणार आहेत." आणि आतून ताट आणलं. वर रुमाल. रुमाल काढला.

सगळी लखलखीत. गुलाबी. नव्या तांब्याच्या तारेसारखी! काल देवाची भांडी, समया, कळशी चिंचेनं घासली तेव्हा ही पण घासली तिनं. दोन्ही हातांनी, चांगली जोर लावून — ज्यावर मी परवा "लखनऊ" वाचलं, त्यावर आता अक्षरांच्या जागी नुसती गुळगुळीत लाट.

आई हसत होती. "बघ, मासे कसे दिसायला लागले!"

मी काय बोललो ते लिहिणं भाग आहे. "अक्कल आहे का तुला?" असं सुरू केलं. वाटोळं केलंस म्हटलं. काडीचं कळत नाही तर हात कशाला लावतेस म्हटलं. आणि शेवटी — "अडाणी!" सगळ्यांसमोर. सणाच्या दिवशी. सुवासिनी बसल्या होत्या, आईच्या हातात ताट होतं, आणि मी तिला अडाणी म्हणालो.

 आईनं ताटावर रुमाल परत घातला. नीट, चारी कोपरे ओढून.

शिवांगी वाकली आणि सतरंजीवरचे कप गोळा करायला लागली. मिश्रा आंटींचा चहा अजून संपला नव्हता, तोही उचलला.

मग माझ्याकडे बघितलं. मम्मीला घेऊन गेली.

१५ जानेवारी, गुरुवार

काही नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

आई बोलते. म्हणजे "डबा भरलाय", "स्वेटर वाळलाय". रडली असती तर बरं झालं असतं.

बाबांनी आज हाक मारली. वाटलं, आता ऐकवतील. ते चष्मा पुसत बसले होते. म्हणाले, "तिनं तुला विचारलं होतं."

कधी?

"भोगीला. तू फोनवर होतास. ती म्हणाली, अरे, तुझी नाणी जरा उजळून ठेवू का? तू म्हणालास, हो हो. मी इथेच पेपर वाचत होतो." मग म्हणाले, "मला त्याच वेळी तुझं ते कातडीचं आठवायला हवं होतं. मी शब्दकोड्यात होतो. तेव्हा थोडं माझ्यावरही ओरड."

कुणावर ओरडणार! बाबांना समजावलं. शिवांगीला तर इतक्या वेळा समजावलं की ती कानावर हात ठेवते. काउंटरवरच्या पोरांनाही सांगितलंय. आईला कधीच नाही. तिला काय त्यात, असं मीच धरून चाललो होतो. आणि तिनं दोन तास थंड पाण्यात हात घालून माझे मासे वर काढले — लोकांना दिसावेत म्हणून.

शिवांगीला फोन करायला हात शंभरदा गेला. नाही करणार. काय सांगणार? "राग कमी झाला" असं सांगायचं असतं का, ते दिसायला लागतं. आधी ते. मग ती. तोपर्यंत तोंड दाखवणार नाही, आवाज ऐकवणार नाही. ठरलं.

१८ जानेवारी, रविवार

आज आमच्या घरात अंडी आली!

आमच्या घरात! जिथे केक आणला तरी आई आधी पाकिटावरचा हिरवा ठिपका शोधते!

सकाळी ती एकटीच बाहेर गेली. आली तर कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात वर्तमानपत्र, वर्तमानपत्रात दोन अंडी. चेहरा असा की जणू बॉम्ब आणलाय. बाबा उठून उभेच राहिले.

"कुणी काही बोलायचं नाही," आई म्हणाली. "शिवांगीला विचारलं मी. ती केमिस्ट्रीवाली आहे ना. ती म्हणाली, उकडलेल्या अंड्यात गंधक असतं, त्यानं तांबं परत काळं पडतं."

शिवांगीला विचारलं? शिवांगी फोन घेते?

"माझा घेते," आई म्हणाली.

बरं.

बाल्कनीत जुना स्टोव्ह मांडला. नंतर टाकून द्यायचं म्हणून कान तुटलेलं पातेलं. आईनं पदर नाकाला लावलेला, पातेल्याकडे असं बघत होती की आतून काही उडी मारून बाहेर येईल. "किती वेळ लागतो याला?" मी म्हटलं, उकळी आल्यावर दहा मिनिटं. मग पाण्यात टाकून, टकटक फोडून, एका झटक्यात सोललं — आणि वर बघतो तर आई माझ्याकडेच बघतेय.

"हे तुला कसं येतं?"

बस टर्मिनलसमोरचा आमलेटवाला डोळ्यांपुढे आला. म्हटलं, व्हिडिओत बघितलं.

"हं," आई म्हणाली. "दुसरं पण सोल. हात बसलेला दिसतोय."

डब्यात अंडी कुस्करली, वर जाळी, जाळीवर नाणी, झाकण घट्ट. दोघं त्या डब्याकडे बघत पायरीवर बसलो. ऊन आलं होतं, बऱ्याच दिवसांनी. म्हटलं, आई, त्या दिवशी —

"झाकण नीट लागलंय ना बघ."

लागलंय. आई, मी त्या दिवशी जे बोललो —

"या बाबतीत अडाणीच आहे मी. ते खोटं नाही." ती बोटांकडे बघत होती. चिंचेनं अजून भेगा आहेत. "पण माझ्या हळदीकुंकवात नको होतं म्हणायला. तुझं कौतुक करत होते रे मी तेव्हा."

सॉरी म्हटलं. मोठ्यानं. मिश्रा आंटी त्यांच्या गच्चीवर केस वाळवत होत्या, त्यांनी मान वळवली. मी परत म्हटलं. आई म्हणाली, "पुरे, त्यांना वाटेल अंड्यासाठी म्हणतोयस."

१९ जानेवारी, सोमवार

डबा उघडला. वास! बाबा चहा घेऊन थेट जिन्यात.

नाणी काळी झालीयेत — पण कशी! काही धुरकट, काही जांभळी. एकावर एक मासा काळा आणि दुसरा गुलाबीच राहिलाय. आई म्हणते, "नवराबायको दिसतात." दोनशे वर्षांचं काम दोन अंड्यांत होत नाही. पण मला राग नाही आला. खरंच नाही आला! कुणाला सांगू?

कुणालाच नाही. ठरलंय.

२३ जानेवारी, शुक्रवार

आई फोनवर, "हो गं, जेवतो. हो, गप्पच असतो." मी समोर दिसल्यावर विषय बदलला — मेथीच्या लाडवांवर गेली.

विचारलं नाही. गप्पच आहे मी, हे खरंय. तिला कळलं म्हणजे बरं झालं.

२६ जानेवारी, सोमवार

प्रदर्शन. आधी वाटलं होतं जाऊच नये. मग वाटलं, जायचं, पण लपवायचं नाही. चिठ्ठी लिहिली: "घर में इमली से साफ़ किए गए, फिर अंडे से काले किए गए." आई म्हणाली, "अंड्याचं लिहायलाच पाहिजे का?" पाहिजे.

आई स्वतःहून आली बरोबर. पैठणी! तांब्याच्या पैशांना पैठणी!

सक्सेना अंकल फिरत फिरत आमच्या टेबलाशी आले. भिंग डोळ्याला लावलं आणि तिथेच थिजले. चिठ्ठी वाचलीच नाही. "ये... ये क्या है? किस जाहिल ने घिसे हैं ये?"

कानशिलं तापली. मूठ वळली. — आणि मग लक्षात आलं. जाहिल म्हणजे अडाणीच की. माझाच शब्द. मी जो आईला दिला होता तो यांनी फक्त उर्दूत परत आणला. कुणावर भडकणार?

"मैंने," मी म्हटलं.

त्याच वेळी मागून, "मैंने!" आई. पदर खोचून पुढे. "भाईसाहब, इमली से मैंने घिसे. लड़के को मत बोलो. उसने तो घर सिर पे उठाया था उस दिन."

अंकल कधी हिच्याकडे, कधी माझ्याकडे. "इमली से? और ये जो काला...?"

"अंडे से," आई म्हणाली. आणि घाईघाईनं, "हम खाते नहीं!"

सक्सेना अंकल मला कधी हसताना दिसले नव्हते. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. पण नियम तो नियम — आमचं टेबल मुख्य रांगेतून उचलून चहाच्या किटलीपाशी नेलं. "इन्हें सीरीज़ में नहीं लगा सकता, बेटा."

मग मजा झाली. चहाला तर सगळेच येतात! येतात, चिठ्ठी वाचतात, हसतात, आणि लगेच स्वतःचं सांगायला लागतात. एका बाईंच्या जाऊबाईंनी चांदीचा रुपया राखेनं घासून राणीचं नाक घालवलेलं. एका आजोबांनी पाकिटातून भोक पाडलेला पैसा काढला. लहानपणी आईनं नजर लागू नये म्हणून गळ्यात बांधला होता. म्हणाले, "मंडल वाले तो इसकी तरफ़ देखते भी नहीं." मी बघितला. बराच वेळ. भोकाची कड दोऱ्यानं गुळगुळीत झालीये. इतका सुंदर पैसा मी अख्ख्या हॉलमध्ये बघितला नाही.

आई सगळ्यांना मासे समजावत होती. "ये अवध का निशान है. ये कातडी — मतलब चमड़ी — वो मैंने निकाल दी. आप मत निकालना." बाबा बँकेतलं झेंडावंदन आटोपून आले आणि कोपऱ्यात उभे राहून ऐकत होते.

दरवाजाकडे मी सारखा बघत होतो. ती आली नाही.

२८ जानेवारी, बुधवार

टारगेट नवीन. १ जानेवारीचं सगळं खोडत नाही, फ़ारसी राहणार. राग तर राहणारच, जन्मभर. पण नाणी आता अशीच जमवायची — बिघडलेली. घासलेली, भोक पाडलेली, बटण केलेली, देव्हाऱ्यात हळदीकुंकवानं भरलेली, शेंदूर फासलेली. ज्यांना कुणी भाव देत नाही ती. प्रत्येकाला कुणीतरी हात लावलाय, काहीतरी बरं व्हावं म्हणून. कुणी लावला, का लावला, ते विचारून बरोबर लिहून ठेवायचं. नवाब तर सगळ्यांना माहीत आहेत.

आईला सांगितलं. म्हणाली, "मग देवातला आपला रुपया तुला देऊ का? पन्नास वर्षांचं कुंकू आहे त्यावर." मग लगेच, "नाही, तो नको. तो देवात राहू दे. फोटो काढ."

शिवांगीला हे सगळं सांगावंसं वाटतंय.  पण नाही. आधी नीट माणूस व्हायचं, मग तोंड दाखवायचं. ती बघत असेल. "देखते हैं" म्हणाली होती ना! मी गप्प राहून दाखवतोय.

३१ जानेवारी, शनिवार

ती कुरिअरच्या काउंटरवर आली. रांग मोडून. आणि सुरू झाली — शिवांगी! पार्सलवाले भिंतीला चिकटले!

"एक फोन नहीं! एक मेसेज नहीं! अंडा मैंने किसके लिए बताया था, बे?" मी कसंबसं म्हटलं, मी सुधारत होतो. "किसने बोला था ऐसे सुधर? मैंने कहा चिल्ला मत. मर जाने को कब कहा? रोज़ आंटी से पूछती हूँ — बोलता है क्या? आंटी बोलती हैं, गप्प आहे!" मग आवाज फाटला. "पापा की पोस्टिंग आ गई है. सिकंदराबाद. मार्च में जाना है. और तूने पूरी जनवरी खा ली, गधे!"

मला ओरडायला सुचलंच नाही. कधी नव्हे ते खरंच नाही सुचलं. हळू विचारलं, "आणि दिवाळीचं उत्तर?"

"इतना चिल्ला रही हूँ, समझ नहीं आता?"

मध्ये फक्त फेब्रुवारी आहे. महिन्यांत सगळ्यात तोकडा.